जुन्या पॅनेलमध्ये नवीन इनपुट मॉड्यूल: कनेक्टर लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बारा-पंधरा वर्षं जुनं पीएलसी पॅनेल आहे (पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा औद्योगिक संगणक). त्यात १६ पॉइंटचं २४ व्होल्ट डीसी डिजिटल इनपुट मॉड्यूल आणि ४ चॅनेलचं ॲनालॉग इनपुट मॉड्यूल वाढवायचं आहे. रविवारी आठ तासांचं शटडाऊन मिळणार. सेन्सर काही पीएनपी, काही एनपीएन (फरक पुढे सांगतो). चार सिग्नल एमसीसीतून, म्हणजे मोटर स्टार्टरच्या पॅनेलमधून येणार. मागच्या वेळी लावलेलं मॉड्यूल सप्लाय देताच जळालं होतं, म्हणून या वेळी काय काळजी घ्यावी?

आधी त्या जळालेल्या मॉड्यूलचं बघू, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. सप्लाय देताच डिजिटल इनपुट जळतं तेव्हा पहिला संशय एकाच गोष्टीवर घ्यायचा: २४ व्होल्टच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट आलेला असतो. आणि तो जवळपास नेहमी एमसीसीकडूनच येतो. स्टार्टरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट ड्रॉइंगमध्ये ‘पोटेन्शियल फ्री’, म्हणजे स्वतःचं व्होल्टेज नसलेला, असा लिहिलेला असतो. पण मधल्या काळात कुणीतरी त्याच कॉन्टॅक्टवरून इंडिकेशन लॅम्प काढलेला असतो, आणि लॅम्पची फेज त्या कॉन्टॅक्टच्या एका टोकाला कायमची बसलेली असते. तुमच्या पॅनेलचा मेन स्विच बंद केला तरी ही फेज बंद होत नाही, कारण ती दुसऱ्या पॅनेलच्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरवरून येते. म्हणजे ती फक्त मॉड्यूलच्या जिवावर उठलेली नाही. बंद पॅनेल समजून हात घालणाऱ्या माणसाच्याही जिवावर आहे.

म्हणून रविवारच्या आधीच, चालू कारखान्यात, कशालाही हात न लावता करायची कामं उरकून घ्या. पीएलसीतला प्रोग्राम अपलोड करून लॅपटॉपमधल्या कॉपीशी ताडून बघा. बऱ्याच जुन्या सीपीयूंमध्ये प्रोग्राम बॅटरीच्या आधारावर रॅममध्ये असतो. बॅटरी संपलेली असेल तर शटडाऊनला सप्लाय बंद केल्याबरोबर प्रोग्रामही जातो. बॅटरीचा दिवा पेटलेला असेल तर बॅकअप घेऊन, सप्लाय चालू असतानाच, मॅन्युअलमधल्या पद्धतीने बॅटरी बदलायची. त्यानंतर रॅकच्या, म्हणजे मॉड्यूल बसतात त्या चौकटीच्या, पॉवर सप्लायचा हिशोब करा. प्रत्येक मॉड्यूल बॅकप्लेनमधून, म्हणजे रॅकच्या मागच्या जोडणीतून, किती मिलीॲम्पिअर घेतं ते त्याच्या डेटाशीटमध्ये असतं. बेरीज मर्यादेच्या आत हवी. हा हिशोब चुकला तर नवीन मॉड्यूल दिसतं, चालतं, आणि मग कधीतरी सगळा रॅक रीसेट होतो. त्याचं कारण शोधण्यात आठवडे जातात.

एमसीसीचे चार सिग्नल थेट मॉड्यूलवर घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येकाला एक इंटरपोझिंग, म्हणजे मध्ये बसणारा, रिले द्या: कॉइल २३० व्होल्ट एसी, कॉन्टॅक्ट तुमच्या २४ व्होल्टवर. रिलेचा कॉन्टॅक्ट सोन्याचा मुलामा असलेला घ्या. इनपुटचा करंट ३ ते ७ मिलीॲम्पिअर एवढाच असतो. साध्या पॉवर कॉन्टॅक्टवर काळपट थर जमला की इतका बारीक करंट तो थर फोडू शकत नाही, आणि सिग्नल कधी येतो कधी येत नाही असा खेळ सुरू होतो.

यात आणखी एक सापळा आहे. एमसीसी लांब असेल आणि २३० व्होल्टचा सिग्नल मल्टिकोअर केबलमधून येत असेल, तर शेजारच्या चालू कोअरमुळे बंद कोअरवरही व्होल्टेज चढतं. दोन कोअरमधली कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरली, तर ३०० मीटरला ३० नॅनोफॅरड होते. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून सुमारे २.२ मिलीॲम्पिअर वाहतात. बारीक रिले किंवा एसी इनपुट ‘ऑन’ धरून ठेवायला कधीकधी एवढा करंट पुरतो. कॉन्टॅक्ट उघडला, तरी पीएलसीला तो जुळलेलाच, म्हणजे ‘ऑन’, दिसतो. ‘स्टॉप दाबलं तरी बंद होत नाही’ ही तक्रार अशा केबलवर ऐकू आली तर प्रोग्राम तपासत बसू नका. उपाय म्हणजे फिल्डपर्यंत, म्हणजे सिग्नल येतो त्या जागेपर्यंत, २४ व्होल्ट डीसी न्यायचा आणि रिले एमसीसीतच बसवायचा. डीसीला ही गळती लागत नाही.

आता रविवार. पॅनेलचा मेन बंद, लॉक, टॅग. किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. ज्या स्टार्टरमधून सिग्नल येणार त्या चारही फीडरना वेगळं लॉक. पीएलसी ज्या वाल्व्हना आणि मोटरना चालवते त्यांची हवा आणि पॉवरही बंद. मग मीटरने तपासा, पण आधी मीटर एखाद्या चालू सॉकेटवर लावून तो दाखवतो याची खात्री, मग बंद जागेवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या काळात प्रोबची तार तुटली असेल तर मीटर शून्य दाखवेल आणि तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवाल. तिसरी पायरी त्यासाठी. एसएमपीएसचे, म्हणजे २४ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायचे, कपॅसिटर उतरायला काही मिनिटं द्या.

मॉड्यूल बसवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. हातात स्टॅटिकचा मनगटी पट्टा, त्याची क्लिप पॅनेलच्या अर्थबारला. मॉड्यूल कडेने धरायचं, मागच्या पिनांना बोट लावायचं नाही. ३५ मिमी डिन रेलवर खालचं कुलूप नीट बसलं का, बॅकप्लेनचा कनेक्टर सरळ गेला का, ते बघायचं. जोर लागत असेल तर पिन वाकते आहे. ‘हॉट स्वॅप’चा मोह टाळा. ॲलन-ब्रॅडलीच्या कंट्रोललॉजिक्समध्ये चालू रॅकमधून मॉड्यूल काढता येतं, सीमेन्सच्या एस७-१२०० मध्ये येत नाही. आणि येत असेल तरी फिल्डच्या तारांवर व्होल्टेज असताना कनेक्टर ओढला की ठिणगी पडते. आठ तासांचं शटडाऊन हातात असताना ती जोखीम कशाला?

ठिणगीचा विषय निघालाच आहे तर नागपूर परिसरात हे विसरून चालत नाही. कोळशाच्या खाणी, कापसाच्या जिनिंग, स्फोटकांचे कारखाने, सॉल्व्हंटचे प्लांट, सगळं आसपास आहे. पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालयही इथेच, सेमिनरी हिल्सला. सिग्नल अशा धोक्याच्या क्षेत्रातून येत असेल तर साधं मॉड्यूल थेट जोडायचंच नाही. मध्ये ठिणगीइतकी ऊर्जा तिकडे जाऊ न देणारा बॅरियर किंवा आयसोलेटर हवा, केबल निळी आणि वेगळ्या डक्टमधून, आणि बॅरियरचे निळे टर्मिनल इतर टर्मिनलांपासून किमान ५० मिमी दूर.

वायरिंगकडे या. इनपुटला ०.५ किंवा ०.७५ स्क्वेअर एमएमची लवचीक वायर पुरते. ०.५ ला पांढरी, ०.७५ ला करडी, १ ला लाल पिन लग, म्हणजे आपल्याकडे ज्याला फेरूल म्हणतात ती. (नंबराच्या प्लास्टिक नळीलाही फेरूलच म्हणतात, स्टोअरला लिहून देताना दोन्ही वेगळी लिहा, नाहीतर एकच येते.) साल किती सोलायची ते मॉड्यूलच्या बाजूला छापलेलं असतं, बहुतेक ६ ते ७ मिमी. जास्त सोललं तर उघडं तांबं शेजारच्या टर्मिनलला भिडतं; कमी सोललं तर स्क्रू इन्सुलेशनवर आवळला जातो आणि वायर ओढून पाहिली तरी घट्टच वाटते. स्क्रूचा टॉर्क अर्ध्या न्यूटन मीटरच्या आसपास असतो. मोठ्या स्क्रूड्रायव्हरने मनगटाचा जोर लावला की कनेक्टरचं प्लास्टिक चिरतं.

पीएनपी आणि एनपीएनचं कोडं असं सोडवा. पीएनपी सेन्सर आउटपुटला +२४ देतो, म्हणून त्या इनपुटचा कॉमन ० व्होल्टला. एनपीएन सेन्सर आउटपुट ० व्होल्टला खेचतो, म्हणून कॉमन +२४ ला. १६ पॉइंटच्या बऱ्याच मॉड्यूलमध्ये आठ-आठचे दोन किंवा चार-चारचे चार गट असतात आणि प्रत्येक गटाला वेगळा कॉमन. गट दोन्ही प्रकारे चालतो असं डेटाशीटमध्ये असेल तर एक गट पीएनपीला, एक एनपीएनला द्या आणि ते टर्मिनलवर लेबल लावून लिहा. एकाच गटात दोन्ही मिसळले तर एका प्रकारचे सेन्सर कधीच दिसणार नाहीत.

पण खरा प्रश्न ते चालतील का हा नाही, बिघडले तर काय होईल हा आहे. नीट बनवलेल्या पॅनेलमध्ये २४ व्होल्टचा ० व्होल्ट एका जागी अर्थ केलेला असतो. पीएनपीची सिग्नल वायर ग्लँडजवळ घासून मशीनच्या बॉडीला लागली, तर फ्यूज उडतो किंवा सेन्सर बंद पडतो. इनपुट ‘ऑफ’ जातं आणि मशीन थांबतं. एनपीएनची तीच वायर बॉडीला लागली, तर बॉडी म्हणजेच ० व्होल्ट, आणि इनपुट आपोआप ‘ऑन’ होतं. सेन्सरसमोर काहीही नसताना पीएलसीला वाटतं की माल आला, गेट बंद झालं, सिलिंडर पोचला. पुढची हालचाल सुरू होते आणि तिथे कुणाचा तरी हात असतो. म्हणून एनपीएनचे सेन्सर चार-पाचच असतील तर ते बदलून पीएनपी करा. सगळे बदलणं शक्य नसेल तर निदान ज्या सिग्नलवर काहीतरी ‘सुरू’ होतं ते तरी पीएनपी हवेत. ० व्होल्ट अर्थ केलेलाच नाही असं सापडलं तर ते ‘तरंगतं’ ठेवून समाधान मानू नका: पहिला अर्थ फॉल्ट कुणाला कळत नाही, दुसरा आला की दोन फॉल्ट मिळून मधला स्विचच बायपास करू शकतात.

दोन तारांचे प्रॉक्सिमिटी सेन्सर असतील तर मॉड्यूलचा टाइप बघा. असे सेन्सर बंद असतानाही १.५ मिलीॲम्पिअरपर्यंत करंट सोडू शकतात. पीएलसीसाठीच्या आयईसी ६११३१-२ या मानकानुसार टाइप ३ च्या इनपुटला एवढ्या गळतीवर ‘ऑफ’ राहावंच लागतं. टाइप १ ला ती हमी फक्त अर्ध्या मिलीॲम्पिअरपर्यंत. मॉड्यूल टाइप १ चं आलं असेल तर इनपुट आणि ० व्होल्टमध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावा. २४ व्होल्टला त्यात पाव वॅटपेक्षा थोडी जास्त उष्णता होते, म्हणून पाव वॅटचा नको, १ वॅटचा घ्या.

इमर्जन्सी स्टॉप या साध्या मॉड्यूलवर आणून काम भागवू नका. त्याला सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसीचं दुहेरी चॅनेलचं इनपुट लागतं. साध्या इनपुटचा ऑप्टोकपलर, म्हणजे सिग्नल प्रकाशाने आत पोचवणारा भाग, शॉर्ट होऊन कायम ‘ऑन’ दाखवू शकतो आणि सीपीयूला त्याचा पत्ता लागत नाही. साध्या मॉड्यूलवर फक्त ‘दाबलं आहे’ एवढी माहिती घ्या. प्रोसेसचे साधे स्टॉप मात्र एनसी, म्हणजे एरवी जुळलेल्या, कॉन्टॅक्टनेच आणा, म्हणजे तार तुटली तरी थांबण्याचाच हुकूम जातो.

फ्यूजकडे फार दुर्लक्ष होतं. १० ॲम्पिअरच्या एसएमपीएसला सी-६ (सी कर्व्ह, ६ ॲम्पिअर) एमसीबी लावली की काम झालं असं वाटतं. पण सी कर्व्हची एमसीबी शॉर्ट सर्किटला झटकन पडायला रेटिंगच्या पाच ते दहा पट करंट लागतो, आणि एसएमपीएस स्वतःच्या रेटिंगच्या थोडा वर गेला की हात वर करतो. परिणाम: एमसीबी पडत नाही, सगळ्या पॅनेलचा २४ व्होल्ट बसतो, आणि अर्धा स्क्वेअर एमएमची वायर गरम होत राहते. प्रत्येक आठ पॉइंटच्या गटाला १ किंवा २ ॲम्पिअरचा फ्यूज टर्मिनल, दिवा असलेला, एवढं केलं तरी पुरे.

ॲनालॉगमध्ये जळण्याचं कारण वेगळं. ४-२० मिलीॲम्पिअरच्या चॅनेलमध्ये आत बहुधा २५० ओहमचा रेझिस्टर असतो. चुकून २४ व्होल्ट थेट त्यावर लागला तर ९६ मिलीॲम्पिअर वाहतात आणि २.३ वॅट उष्णता तयार होते. बारीकसा रेझिस्टर ती झेपवू शकत नाही. हे घडतं कसं? दोन तारांच्या ट्रान्समीटरची टोकं टेस्टिंगसाठी कुणीतरी शॉर्ट करतं, आणि लूपचा २४ व्होल्ट सरळ चॅनेलवर येतो. काही मॉड्यूलमध्ये आतच संरक्षण असतं. नसेल तर प्रत्येक लूपमध्ये ५० मिलीॲम्पिअरचा फ्यूज घाला. चार तारांच्या, स्वतःच्या सप्लायवर चालणाऱ्या ट्रान्समीटरला पॅनेलकडून पुन्हा २४ व्होल्ट द्यायचा नाही. दोन तारांचा की चार तारांचा हे जंपर आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडे एकच असू द्या. शील्ड, म्हणजे केबलमधलं धातूचं वेष्टन, पॅनेलच्या टोकालाच अर्थ करा, तेही केबल आत शिरते तिथे पट्टीवर क्लॅम्पने. फिल्डचं टोक कापून टेप. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलपासून सिग्नल केबल २०० मिमी तरी दूर, ओलांडावीच लागली तर काटकोनात.

केबलचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने तपासायचं असेल तर ते आत्ताच, कनेक्टर मॉड्यूलपासून आणि तारा सेन्सरपासून सुटलेल्या असताना. नंतर आठवण झाली म्हणून लावलेला मेगर मॉड्यूल मारतो.

आता या उत्तरातली सगळ्यात महत्त्वाची पायरी. सगळी वायरिंग झाली, कनेक्टर मात्र मॉड्यूलला न लावता बाहेर लटकत ठेवा. फिल्ड मोकळं आहे, कुणी मशीनवर नाही, याची खात्री करून मेन आणि एमसीसीची कंट्रोल पॉवर चालू करा. मोटरची पॉवर आणि हवा अजून बंदच. मीटर एसीवर, काळा प्रोब ० व्होल्टच्या बारवर, लाल प्रोब टर्मिनल एकवर. मग दोन, तीन, सोळापर्यंत. मग मीटर डीसीवर घेऊन तोच फेरा. एसीवर शून्याच्या आसपास हवं. डीसीवर पीएनपी गटात ० किंवा २४; २४ म्हणजे २०.४ ते २८.८ मधलं काहीही. चुकून कुठे उणे २४ दिसलं तर पोलॅरिटी उलटी आहे. एसीवर ६०-७० व्होल्ट दिसले तर घाबरण्याआधी मीटरचा लो-झेड (कमी इम्पिडन्सचा) मोड लावा: प्रेरित भुताटकी असेल तर आकडा कोसळतो, खरी फेज असेल तर तो तसाच राहतो. तसाच राहिला तर ती तार काढा आणि तिचं दुसरं टोक कुठे आहे हे सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. मागचं मॉड्यूल या दहा मिनिटांत वाचलं असतं.

सगळं स्वच्छ असेल तर पुन्हा सप्लाय बंद, लॉक, कनेक्टर लावा, चालू करा. हार्डवेअर कॉन्फिगरेशनमध्ये अचूक कॅटलॉग नंबर टाका. इनपुट फिल्टर तपासा: एस७-१२०० मध्ये तो मुळात ६.४ मिलीसेकंद असतो, लिमिट स्विचला उत्तम. पण त्याहून बारीक पल्स मोजायचा असेल तर पल्स गळतील. आयओ चेक, म्हणजे एकेका सिग्नलची चाचणी, दोन माणसांनी, एक फिल्डमध्ये, एक स्क्रीनसमोर. सिग्नल सेन्सरपाशीच द्यायचा: प्रॉक्सीसमोर पाना धरा, लिमिट स्विचचा दांडा हलवा. टर्मिनलवर वायर शॉर्ट करून ‘आला, आला’ म्हणणं म्हणजे केबल तपासलीच नाही. ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ दोन्ही बघून मगच यादीवर खूण. ॲनालॉगला ४, १२ आणि २० मिलीॲम्पिअर देऊन बघा, आणि तार सोडूनही: ३.६ च्या खाली गेल्यावर अलार्म यायलाच हवा.

राहता राहिला आपला उन्हाळा. मॉड्यूलची मर्यादा साधारण ५५ किंवा ६० अंश, पण ती मॉड्यूलभोवतीच्या हवेची, शेडमधल्या नव्हे. पत्र्याच्या बंद पॅनेलचा उष्णता सोडणारा पृष्ठभाग ४ चौरस मीटर आणि आतलं नुकसान २०० वॅट असेल, तर चौरस मीटरला अंशामागे ५.५ वॅट या हिशोबाने आत बाहेरपेक्षा ९ अंश जास्त. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४६ असेल तर आत ५५ झालेच. एस७-१२०० उभ्या रेलवर बसवला तर मर्यादा आणखी १० अंशांनी खाली येते. काही मॉड्यूलमध्ये या तापमानाला निम्मेच इनपुट एकाच वेळी ‘ऑन’ चालतात. डेटाशीटमधला डीरेटिंगचा आलेख त्यासाठी असतो. मॉड्यूलच्या वर-खाली किमान २५ मिमी मोकळी जागा ठेवा, एसएमपीएस मॉड्यूलच्या खाली नको. फिल्टर पंखे बसवले तर फिल्टर महिन्याला झाडा. आणि पॅनेलचं दार उघडून समोर वाळ्याचा कूलर लावण्याची आपल्याकडची पद्धत तेवढी बंद करा. ओली हवा आणि धूळ मिळून बोर्डवर जो लेप बसतो तो मे महिन्यात वाळलेला असतो, म्हणून काही बिघडत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की तोच लेप दमट होतो आणि चॅनेलमध्ये गळती सुरू होते.

अर्थिंगचंही तसंच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि अर्थपिटचा रेझिस्टन्स चढतो. त्याची मोजणी पावसाळ्यात करून छान आकडा लिहून ठेवण्यात अर्थ नाही. एप्रिल-मे मध्ये मोजा, पिटमध्ये पाणी सोडा. मॉड्यूल बसवल्यानंतर आठवड्याने एकदा, सप्लाय बंद करून, सगळे टर्मिनल स्क्रू टॉर्कने तपासा, आणि पहिल्या मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास पॅनेलमधल्या थर्मामीटरचा आकडा दाराच्या आतल्या बाजूला तारखेसकट लिहून ठेवा.